ओटीतला खण

खणाचं ते प्रकरण मले आजबी काल घडल्यासारखं दिसते. नावं कोणाचीच घेत नाही. त्यातले सारे अजून जित्ते हाय, त्यायची लेकरंबाळं हाय. अमरावतीचं ठाणं अन् थंडीचे दिवस, एवढं सांगतलं म्हणजे पुरे.

ठाण्यात मी नोकरीले नव्हती, बाईमाणसाले पोलिसात कोण घेते. पण आमचे हे तिथं शिपाई होते, अन् आमी ठाण्यामागच्या लाइनीत राहो, अन् सरकारचा कायदा असा हाय की बाईची झडती बाईनंच घ्यायची, मरदानं हात लावायचा नाही. आता ठाण्यात बाई येईन कुठून, म्हणून लाइनीतल्याच कोणाले तरी बलावत. आधी एक बुढी जमादारीन जाये, तिले दिसणं कमी झालं तवापासून मले बलावाले लागले. मी चौथीपर्यंत शिकली, सही येते, अन् पंचनाम्याखाली सहीवाली बाई असली म्हणजे कचेरीत बरं दिसते, म्हणून ठाणेदारसायबायनं मलेच धरलं. मले मात्र दरखेपी भेव लागे. लेकरू पाळण्यात निजलेलं, ते शेजारणीच्या भरवशावर टाकायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा अन् जायचं. मागच्या खोलीत, खिडकीले गोणपाट लावलेलं, तिथं मी अन् ती बाई, दोघीच. पदर, निऱ्या, अंबाडा, चोळी, असं एकेक पाहायचं. जे निघन ते दारातून पंचायच्या हाती द्यायचं. नाही निघालं त काही नाही म्हणून सांगायचं, सही करायची अन् घरी.

त्या दिवशी सकाळीच कापडवाले शेठ अन् त्यायचा गुमास्ता ठाण्यात आले. गावातलं मोठं दुकान त्यायचं. त्या दुकानाची रीत मले माहीत होती, साऱ्याच बायायले माहीत होती. घरंदाज बाया आल्या की त्यायले आतल्या बैठकीत गादीवर बसवत, चहा देत, अन् गाठोडीच्या गाठोडी पुढ्यात उघडून टाकत, पाहा म्हणत, निवांत पाहा. आमच्यासारख्या आल्या की आमी पायरीवर. आमाले एक खण दाखवला की तो घडी करून आत ठेवत, मंग दुसरा काढत. आमी उठलो की गुमास्ता आमच्या बसल्या जागेकडे एकदा पाहून घे. आमालेबी त्याचं काही वाटत नव्हतं. दुकान म्हणलं म्हणजे असंच राह्यते, असं वाटे.

शेठनं रपोट देली की लग्नसराईसाठी आणलेल्या एका गाठोड्यातले खण एकेक करून जाऊन राह्यले. जांभळ्या अंगाचा खण, लाल काठ, काठात बारीक पिवळी नक्षी. हा माल अजून बाहेर मांडलाच नाही, एकबी विकला नाही, आत बसणाऱ्या बायायले नुसता दाखवला. अन् आज गुमास्त्यानं देवीच्या देवळापाशी फुलवालीच्या लेकराच्या अंगावर त्याच खणाची कुंची पाह्यली. फुलवाली म्हणजे रोज सकाळी दुकानातल्या लक्ष्मीच्या तसबिरीले हार घालाले जाये ती. हार घालाले पार आतपर्यंत जाये. शेठले अजून काय पाह्यजे होतं.

जमादार अन् आमचे हे, दोघं देवळाकडे गेले अन् तिले घेऊन आले. लेकराच्या अंगावर कुंची नव्हतीच. लेकरू तिच्या सासूच्या कडेवर, डोकं उघडं, रडून रडून लाल झालेलं. सासू फाटकाबाहेर लिंबाखाली बसली. मंग मले बलावणं आलं.

ती माह्याच वयाची होती. भातकुलीकडलं माहेर, माळ्याच्या घरची, बोटायले झेंडूचा पिवळा रंग लागलेला. मी दार लावलं अन् म्हणलं, हात वर कर. तिनं केले. पदरात काही नव्हतं, निऱ्यात नव्हतं, अंबाड्यात फुलाची एक काडी निघाली. चोळीत हात घातला अन् कापड लागलं. ओढून काढलं त कुंची. गरम होती, दुधानं ओली झालेली.

"हे काहून लपवलं वं?"

"माही हाय. लेकराची."

"आपली असन त कोणी लपवते काय?"

"तो गुमास्ता बोट दाखवून राह्यला होता. त्याच्यामागं पोलीस. मले वाटलं हेच मांगतीन."

मी कुंची दारातून बाहेर देली. शेठनं काठ पाह्यला, उलटा करून पाह्यला, अन् म्हणलं हाच. पंचायनं मान हलवली. कुंची मेजावर ठेवली, माही सही झाली. पण मले घरी जाऊ देलं नाही. बाईची विचारपूस चालू असतानी बाई हजर पाह्यजे, असं ठाणेदारसायेब म्हणाले, म्हणून मी दारापाशी उभी राह्यली. फाटकाबाहेरून तिच्या लेकराचं रडणं ऐकू येऊन राह्यलं होतं. अन् ते ऐकून माही चोळी ओली होऊन राह्यली होती, म्हणून मी पदर घट्ट धरला.

ठाणेदारसायेब नागपूरकडले, शिकलेले, आवाज चढवत नव्हते. त्यायनं विचारलं, "खण कुठून आणलास?"

"ओटीत आला सायेब."

जमादार हसला. "आयकलं काय? माळणीच्या ओटीत असा खण पडते. मंग आमच्या घरच्या बाईले त शालूच भेटाले पाह्यजे होता."

पंचबी हसले. ठाणेदारसायेब हसले नाही. "ओटी कोणी भरली?"

जमादारानं काठी जमिनीवर आपटली, नुसती आपटली, तरी ती मागं सरकली. मंग हळूच तिनं एका वकीलसायबाच्या घरचं नाव घेतलं. म्हणे त्या बाईनं देवळात ओटी भरली, लेकरू झालं म्हणून.

ते घर साऱ्या गावाले माहीत होतं. वकीलसायेब जिल्ह्याच्या डिप्टीसायबाकडे जाऊन खुर्चीवर बसणारे. मंग जमादार म्हणे, "मोठं घर पाहूनच नाव घेतलं बघा सायेब. आता तिथं विचाराले कोण जाते, असं वाटलं हिले." ठाणेदारसायबायनं कागद बाजूले सारला. म्हणे, "विचार कर. दिवस मावळेपर्यंत वेळ आहे. खोटं नाव घेऊन तुझंच वाढेल." अन् तिले कोठडीत नेलं. सासूच्या हातून लेकरू मात्र आत देऊ देलं, ते त्यायनं बरं केलं.

तिले नेलं तवा मेज मोकळं झालं अन् कुंची मले उजेडात दिसली. तोवर मी तिच्याकडे नीट पाह्यलंच नव्हतं, हाताले लागली तशी बाहेर देली होती. जांभळं अंग, लाल काठ, पिवळी नक्षी. मी वाकून काठ जवळून पाह्यला.

माहं लेकरू सव्वा महिन्याचं झालं तवा मी त्याले देवीच्या पायावर घालाले नेलं होतं. गाभाऱ्याबाहेर वकीलीणबाई बसल्या होत्या. कोणी बाळंतीण दिसली की तिले बलावत, पाटावर बसवत, अन् ओटी भरत. तांदूळ, नारळ, हळकुंड अन् खण. मलेबी भरली. मले वाटलं मोठ्या घरचं मनबी मोठं. ओटीतला खण आमच्यात कोणाले देत नाही, विकत नाही, म्हणून तो मी पेटीच्या तळाशी जपून ठेवला होता. सणावाराले शिवीन म्हणून.

घरी पळतच गेली. पेटी उघडली. तोच खण. कोपऱ्यावर दुकानाचा निळा ठसा, अजून कोराच्या कोरा.

हे जेवाले आले. मी भाकरीसोबत खणबी पुढं ठेवला.

"हा कुठून आला?" हे म्हणे.

"ओटीत आला. वकीलीणबाईनंच भरली. ती फुलवाली खरं बोलून राह्यली हाय."

ह्यायनं काठ चिमटीत धरून पाह्यला. मंग म्हणे, "चुलीत टाक."

"अन् ती?"

"तिचं ती पाहीन. पोलिसाच्या घरात चोरीचा माल निघाला म्हणजे काय होते माहीत हाय काय तुले? माहा पट्टा उतरवतीन. ही खोली जाईन. लेकरू घेऊन कुठी जाशीन?"

"मी चोरला काय तो?"

"तिनं तरी कुठी चोरला?" हे बोलून गेले अन् भाकर पुढं ओढली.

चूल पेटलेली होती. मी खण हाती घेऊन चुलीपुढं बसली. जळाले काही वेळ लागला नसता, उलीसं तर कापड. मले नोकरीचं भेव, ठाणेदारसायबाचं भेव, वकीलसायबाचं त त्याहून जास्त, असा माणूस आपल्यावर उलटला त आपण कुठी उभं राहावं. पण तिच्या चोळीतून कुंची म्या काढली होती, ह्या हातानं. दुसऱ्या बाया काही पुढं येणार नव्हत्या, अन् हा जाळला म्हणजे ती खरी हाय हे सांगणारं काहीच उरत नव्हतं. ती जेलात जाईन अन् लेकरू तिच्यासंगं, नाहीतर तिच्यावाचून. मी खण घडी केला अन् उठली.

हे भाकर मोडून राह्यले होते, खाऊन राह्यले नव्हते. म्हणे, "माह्या तोंडून निघणार नाही. तुले जायचं त जा. पण लेकरू कडेवर घेऊन जा. त्याच्याकडं पाहून सायेब उलीसं कमी बोलतीन."

ठाणेदारसायेब एकटेच होते. मी खण मेजावर ठेवला, कुंचीच्या बाजूले, अन् एका दमात सारं सांगून टाकलं. मधात थांबली असती त मले पुढं बोलताच आलं नसतं. त्यायनं काठाले काठ लावून पाह्यला, मंग कोपरा उलटा करून ठसा पाह्यला. उठून दार लोटलं.

"तुमच्या यजमानाला माहीत आहे हे?"

"हो सायेब. त्यायनंच पाठवलं."

"त्यानं पाठवलं असतं तर तो सोबत आला असता." मी खाली पाह्यलं. ते म्हणे, "बसा. हा खण तुम्ही आपणहून हजर केला, असं मी लिहितो. तुमच्या घरात सापडला असं लिहिलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा. दोन शब्दांतलाच फरक आहे, पण तो लक्षात ठेवा."

मंग ते खिडकीतून बाहेर पाहत राह्यले. मले वाटते त्यायलेबी भेव लागलं होतं, पण सायबायचं भेव दिसत नाही. अशा घरच्या बाईले ठाण्यात बलावता येत नाही. त्यायनं टांगा मांगवला अन् मले म्हणे, तुम्हीही चला. मी बाहेर वकीलसाहेबांपाशी बसतो, तुम्ही आत जा.

"मी काय विचारू सायेब?"

"खण कुठला, एवढंच विचारा. अन् मग गप्प बसा. समोरचा माणूस गप्प असला की लोकांना राहवत नाही."

वकीलसायबायच्या ओसरीवर पक्षकार बसले होते. ठाणेदारसायबाले पाहून वकीलसायेब म्हणे, या या, कुठल्या खटल्याचं. मी बाजूच्या दारातून आत गेली. लेकरू कडेवर होतं. वकीलीणबाई माजघरात वाती वळत बसल्या होत्या, पुढ्यात कापसाचा ढीग. त्यायनं मले ओळखलं.

"ये गं. लाइनीतली ना तू? बाळ चांगलं झालंय की. दूध पुरतं का?"

मले रडूच आलं असतं. पण मी विचारलं, "बाई, ओटीतला खण कुठला होता?"

त्यायचा हात थांबला नाही. एक वात वळली, ताटात ठेवली, दुसरी घेतली. मी चूप बसली. सायबायनं सांगतलं होतं म्हणून चूप बसली, नाहीतर माह्या मनात होतं की आपणच म्हणावं, जाऊ द्या बाई, चुकलं माहं, अन् निघून जावं. ओसरीवर वकीलसायेब कोणत्या तरी गोष्टीवर मोठ्यानं हसले. आत ऐकू आलं.

मंग त्या बोलल्या. "माझ्या मुलीला अकोल्याला दिलीय. पहिलं बाळंतपण, आशा सोडली होती सगळ्यांनी. मी देवीला बोलले, ही वाचली तर देवळात दिसेल त्या बाळंतिणीची ओटी भरीन. वाचली. बोलले ते द्यायला नको?"

मी मान हलवली.

"ह्यांना सांगितलं. म्हणाले, नारळ फोड एक. देवीला काय कापडाचं दुकान टाकायचंय? पंगतीतले सगळे हसले. मग मी पुन्हा नाही विचारलं. ह्या घरात मीठ आणायचं तरी ह्यांना सांगावं लागतं, माझ्या हातात काय असतं? दुकानातून जे येतं ते ह्यांच्या नावावर, अन् हे हिशेब पाहूनच पैसे देतात. पहिला खण शालीखाली घेतला तेव्हा मला वाटलं आता कोणीतरी ओरडेल. गुमास्त्यानं चहा पुढं केला."

इथं त्या उलीशा हसल्या. मले ते हसणं आवडलं नाही, अन् समजलंबी.

"आमाले पायरीवर बसवतेत," मी म्हणलं.

"माहीत आहे मला. म्हणूनच कोणी पाहिलं नाही." त्यायनं विचारलं, "तुला कोणी पाठवलं? शेठनं?"

"फुलवाली कोठडीत हाय बाई. सकाळपासून. तुमच्या खणाची कुंची तिच्या लेकराच्या अंगावर होती. तिनं तुमचं नाव घेतलं, कोणाले खरं वाटलं नाही."

हे मात्र त्यायले माहीत नव्हतं. हातातली वात तशीच राह्यली. "तिला का धरलं?" म्हणे. "ती तर आत येऊन हार घालते अन् जाते."

"म्हणूनच धरलं."

"सोडतील ना पण?"

"उद्या चालान गेलं की जेल होईन म्हणतेत."

मंग लहान पोरीसारखं त्यायनं मले विचारलं, "देवीनं त्या ओट्या धरल्या असतील का गं?" मले काय माहीत. त्यायनं उत्तराची वाटबी पाह्यली नाही. उठल्या, खुंटीवरची शाल अंगावर घेतली अन् सरळ ओसरीवर गेल्या. पक्षकार बसले असतानी त्या घरची बाई ओसरीवर कधी येत नसन. माणसं गडबडून उभी राह्यली.

"खण मी आणले," त्या म्हणाल्या. "न विचारता. तिला सोडा."

वकीलसायेब म्हणे, "आत जा."

"नाही जात. आधी ह्यांना लिहू द्या."

वकीलसायबायनं कायद्याचं काहीतरी बोलून पाह्यलं. आवाज मोठा होता पण शब्द नीट लागून राह्यले नव्हते. ठाणेदारसायबायनं कोणाकडेच पाह्यलं नाही. टाक काढला अन् जबानी लिहून घेतली.

फुलवाली दिवे लागायच्या आधी सुटली. प्रकरण तिथंच संपलं, असं कागद म्हणतेत. पुढं शेठनं रपोट मागं घेतली. कशी घेतली ते मोठ्या माणसायनं आपसात पाह्यलं, आमाले कोणी सांगतलं नाही.

पण मी लाइनीत राहून पाह्यलं ते असं. दुकानानं हाराची बाई बदलली. देवळापाशी फुलवाली बसे त्या जागी दुसरीच बसाले लागली. बाया म्हणत, काहीतरी असल्याबिगर पोलीस कोणाले नेत नाही. वकीलीणबाईचं कानोकानी झालं होतं तरी बायायनं बोलणं फुलवालीलेच धरून केलं, कारण तिच्याबद्दल बोलाले भेव लागत नव्हतं. ज्यायच्या ज्यायच्या ओट्या भरल्या होत्या त्यायच्या घरात निराळंच झालं. कोणी चोळी उसवली अन् तुकडे दुकानात नेऊन देले. गुमास्ता घेईना, कापलेला माल कोण घेते. कोणी विहिरीत टाकले. एकीच्या सासूनं तिले विचारलं की तू कधीपासून चोरीची चोळी घालून देव्हाऱ्यात दिवा लावून राह्यली, अन् ती बिचारी पाच दिवस उपाशी बसली. कुंची मुद्देमालात पडून राह्यली, मंग दुकानाची म्हणून दुकानाले गेली. थंडी तशीच होती.

दुकानात आता आतल्या बायायलेबी एकेक खण दाखवतेत. चहा बंद झाला.

वकीलीणबाई घराबाहेर दिसल्या नाही. अकोल्याले मुलीच्या सासरी कोणीतरी खबर पोचवली, अन् त्यायनं सून माहेरी पाठवणं बंद केलं. हे मले अकोल्यातच समजलं, कारण मंग आमचीबी बदली अकोल्याले झाली. शिक्षा नव्हती म्हणे, सोय होती. आमचे हे मले त्यावरून कधी काही बोलले नाही. एकदाच म्हणाले, तिथली खोली हवेशीर होती.

निघायच्या आधी मी फुलवालीच्या घरी गेली होती. मळ्यातली झोपडी, दारात शेवंतीची टोपली. मले वाटलं ती दोन शब्द बरे बोलन. लेकरासाठी मी एक टोपडं शिवून नेलं होतं, आमच्या ह्यायच्या जुन्या धोतराचं. तिनं ते घेतलं, फेकलं नाही. पण बस म्हणाली नाही.

"तुमी सायबापाशी खरं बोलल्या ते आयकलं मी," ती म्हणे. "सासू म्हणते तुमचे पाय धर. धरते, सांगा. पण बाई, तुमचा हात माह्या चोळीत गेला होता, ते मले इसरता येऊन नाही राह्यलं. दूध पाजाले बसली की तेच आठवते."

"माहं काम होतं ते," मी म्हणलं.

"हो ना. म्हणूनच त भांडत नाही तुमच्याशी." तिनं टोपली उचलली. "फुलं घ्याले नका येऊ आता. दुसऱ्याकडे घ्या."

मी निघून आली. तिच्यावर राग आला नाही. वाटेत मीच माहा हात पाहत होती, अन् कडेवरचं माहं लेकरू त्याच हाताचं बोट धरून राह्यलं होतं.

ह्या प्रकरणात मले जे समजलं ते एवढंच हाय. खण उलीसा होता, शालीखाली मावे एवढा. तो उचलणारीले वाटलं की एका मोठ्या दुकानाचं काय जाते. दुकानाचं खरंच काही गेलं नाही. गेलं ते ज्यायनं कधी पायरी सोडून वर पाह्यलंच नाही त्यायचं. अन् दुसरं हे की चोरणारं माणूस लपवते तसंच भेलेलंबी लपवते, अन् झडती घेणाऱ्याच्या हाताले दोन्ही सारखंच लागते. कापड हाताले लागलं म्हणून खरं हाती लागलं असं नाही.

अकोल्याच्या ठाण्यातबी मले बलावतेत. भेव अजून लागते. परवा एक बाई आणली होती, भांड्याच्या दुकानातली वाटी उचलली म्हणून. पोट पुढं आलेलं, दिवसात असन, भिंतीले टेकून उभी. मी दार लावलं. आधी माहाच पदर झटकून तिले दाखवला, हात उघडे करून दाखवले, की माह्यापाशी काही नाही, मी काही आणून तुह्या अंगावर टाकणार नाही. तिले काही समजलं नाही, ती नुसती पाहत राह्यली. मंग मी जमिनीवर बसली अन् तिलेबी बस म्हणलं. म्हणलं, जे असन ते आधी तोंडानं सांग, कुठून आलं, कोणी देलं, मी हात नंतर लावन. ती रडली. मंग हळूहळू बोलाले लागली, पार तिच्या माहेरापासून.

बाहेरून जमादारानं दार वाजवलं. "बाई, निघालं काय काही?"

"थांबा उलीसं," मी म्हणलं. "अजून सांगून राह्यली हाय ती."